कापायचं नाही, उपटायचं

"कापायचं नाही रे, उपटायचं!"

रोसाउराताई अंथरुणातून एवढंच म्हणाल्या, आणि एलिओदोरोंच्या हातून छाटणीची कात्री निसटली ती थेट त्यांच्याच अंगठ्यावर पडली. अंगठा नंतर दुखला. आधी कान दुखले.

वास्तविक एलिओदोरो बाराओना म्हणजे सहजासहजी दचकणारा माणूस नव्हे. लास पातागुआस गावच्या नोंदणी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मरण त्यांनी एकाच शाईने आणि एकाच चेहऱ्याने वहीत चढवलं होतं. जुळी झाल्याचं सांगत धापा टाकत आलेल्या बापालाही त्यांनी फक्त "नावं?" एवढंच विचारलं होतं. पण फूल उपटायचं? हाताने, ओढून? कोंबडीची मान पिरगाळावी तसं? आणि हे सांगणारी कोण, तर मांडीचं हाड मोडून पाच वर्षं खाटेला खिळलेली सत्त्याहत्तर वर्षांची सख्खी बहीण, जिने त्यांना न्हाऊमाखू घालून लहानाचं मोठं केलं.

"ताई, अगं फूल आहे ते. किडलेला दात नव्हे."

"दात असता तर तू डॉक्टरला विचारलं असतंस. हे मला विचार. पोरवयात डोंगरावरून हीच फुलं आणून मी हमरस्त्यावर विकायची. देठ अगदी खालून धरायचा, जरासा पीळ द्यायचा, आणि झटका. टच्! असा आवाज आला पाहिजे. कापलंस तर खालच्या कंदाला वाटतं, झालं आपलं काम, आणि तो झोपून जातो. उपटलंस की दचकून जागा होतो आणि नवा कोंब काढतो."

"म्हणजे झाडाला दचकवायचं?"

"माणसांनाही अधूनमधून दचकवावं लागतं," ताई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

एलिओदोरोंनी कात्री उचलली, रुमालाने पुसली आणि शास्त्राप्रमाणे तिरका काप देऊन सात फुलं कापली. बहिणीवर त्यांची माया होती, पण पद्धत ती पद्धत.

आता हा फुलांचा उद्योग सुरू कसा झाला, तेही सांगायला हवं. त्याच्या मुळाशी पाऊस होता. ईस्टर झाल्यावर आठ दिवसांनी कुआसिमोदोचा रविवार येतो. ज्यांना चर्चपर्यंत चालवत नाही, त्यांच्या दारी त्या दिवशी देव स्वतः चालून येतो. फादर पवित्र प्रसाद घेऊन घोडागाडीत बसतात, पुढे घंटा वाजते, मागे साठ-सत्तर घोडेस्वार, खांद्यावर पांढरं वस्त्र, आणि देवासमोर टोपी कशी घालायची म्हणून डोक्याला रुमाल बांधलेले. ज्या घरी आजारी माणूस, त्या घराच्या दाराला फुलांची कमान. गेल्या वर्षी एलिओदोरोंनी कमान केली होती पिवळ्या कागदी फुलांची. ऐन वेळी भुरभुर पाऊस आला, कागदाचा रंग सुटला आणि फादर आन्सेल्मोंच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर खांद्यापासून टाचेपर्यंत ओघळ आले. उरलेल्या नऊ घरी देव गेला तो हळद लागल्यासारखा गेला. गावात वर्षभर त्याचीच चर्चा.

त्या दुपारी रोसाउराताईंनी निकाल दिला. "पुढच्या वर्षी दाराला जिवंत फुलं. आणि तीसुद्धा आपल्या अंगणात उगवलेली आल्स्ट्रोमेरिया. नाहीतर दार बंद. मी आतून सांगेन देवाला, पुढच्या घरी जा बाबा, इथे कागदी माणसं राहतात."

देवाला दारातून परत पाठवायचं! लास पातागुआसच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. आणि ताई बोलल्या की बोलल्या. एकदा मुलगा पसंत नाही म्हणाल्या, त्याला छप्पन्न वर्षं झाली, अजून पसंत पडलेला नाही.

"शेवंती चालणार नाही का? एप्रिलमध्ये शेवंती मिळते," एलिओदोरोंनी भीत भीत विचारलं.

"शेवंती थडग्यावर. मी अजून खाटेवर आहे."

पंचाईत अशी, की डोंगरावरची आल्स्ट्रोमेरिया नाताळाच्या आधीच फुलून आटोपते. एप्रिलमध्ये तिथे नुसती धूळ. पण गावाबाहेरच्या रोपवाटिकेत एक नवी जात आली होती, "नीट सांभाळलीत तर दहा महिने फुलते" अशी. एलिओदोरोंनी सहा कुंड्या आणल्या. त्या वाक्यातल्या 'नीट' या शब्दाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दात होतं.

पहिला धक्का घरी पोचल्यावर बसला. त्यांनी चष्मा लावून रोपं तपासली, तर सगळी पानं उलटी! प्रत्येक पान देठाशी अर्धा पीळ घेऊन वळलेलं, वरची बाजू खाली आणि खालची बाजू वर. एखादं पान असतं तर एलिओदोरोंनी सोडून दिलं असतं. इथे सहाही कुंड्यांत एकूण एक पान. त्यांनी कुंड्या हातगाडीत घातल्या आणि तशाच परत नेल्या.

"साहेब, ह्या झाडाची पानं अशीच असतात," रोपवाटिकेचा मालक म्हणाला. "देवानेच उलटी लावलीत."

"मग तसं पावतीवर लिहून द्या."

मालकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे पाहिलं, आणि पावतीच्या खाली लिहिलं: 'पाने उलटी. देवाची इच्छा.' ती पावती एलिओदोरोंनी नळपट्टीच्या पावत्यांसोबत फायलीत लावली.

रोपं अंगणात लागली आणि सल्ले सुरू झाले. डावीकडे राहायच्या एदुविहेसबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, तेव्हापासून दोन्ही घरांमधल्या भिंतीवर कोपर टेकून उभं राहणं हाच त्यांचा संसार. त्यांच्या प्रत्येक सल्ल्यात एक नणंद असायची, आणि ती नणंद हमखास यशस्वी झालेली असायची.

"डॉन एलिओदोरो, अंड्याची टरफलं घाला. माझ्या नणंदेने घातली, तर झाड छपरापर्यंत गेलं."

टरफलं घातली. मुंग्या आल्या.

"मुंग्या आल्या? मग चहाचा चोथा घाला. नणंदेकडे..."

"त्यांच्याकडेही मुंग्या आल्या होत्या का?"

"छे! तिच्याकडे कशाला येतील? ती टापटिपीची बाई."

त्या दक्षिणेकडच्या मुलुखात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा; माती तापली आणि झाडं रुसली. ह्या झाडाला डोक्यावर ऊन चालतं, पण पाय गार लागतात, असं कुठूनसं कळलं. म्हणून एलिओदोरोंनी मुळांभोवती गवताचा जाड थर पसरला, आणि दुपारच्या वेळी कचेरीतली आपली काळी छत्री झाडांवर उघडून स्वतः शेजारी टोपी घालून उन्हात उभे राहू लागले. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "कुणाची वाट बघताय का?" सभ्य माणूस अशा प्रश्नाला काय उत्तर देणार? ते म्हणायचे, "हो."

गवताचा वास मात्र उजवीकडे पोचला. उजवीकडे प्रुदेन्सियो, निवृत्त बसचालक. त्याला दोन नाद. एक, गिटार घेऊन देवाची कवनं गाणं. चार घरी चार कथा गाऊन तो माणसांना रडवायचा, आणि गाता गाता स्वतःही रडायचा. साधा प्रश्न विचारला तरी आधी तार जुळवायचा. दुसरा नाद म्हणजे त्याची दालचिनी रंगाची घोडी, कानेला. कुआसिमोदोला ती सगळ्यांच्या पुढे चालायची, म्हणून प्रुदेन्सियो तिला अर्धी साध्वी समजायचा. ही साध्वी एके दिवशी भिंतीवरून मान टाकून एलिओदोरोंचं गवत खाऊ लागली. गवत संपल्यावर तिने टोपी चावली. टोपीच्या आत एलिओदोरो होते.

"प्रुदेन्सियो, आवर तुझ्या घोडीला!"

"ती प्रेमाने करते हो," पलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ तार जुळवल्याचा.

तरीही डिसेंबरात फुलं आली होती, आणि काय आली होती! पिवळी, पांढरी, गुलाबी. आतल्या पाकळ्यांवर मांजराने नखं ओढावीत तशा तपकिरी रेघा. पण एलिओदोरो कात्रीने कापत गेले आणि फुलं कमी होत गेली. जानेवारीत तीस, फेब्रुवारीत अकरा, मार्चच्या आरंभी चार. जुने देठ नुसते पिवळे पडून उभे. रोज संध्याकाळी ताई विचारायच्या, "किती?" आणि एलिओदोरो आकडा सांगायचे, तो दिवसेंदिवस हळू आवाजात.

"उपट."

"नाही ताई. माझ्याच्याने होणार नाही."

"मग दार बंद."

मार्चच्या मध्यावर, एका मंगळवारी सकाळी, चर्चमधून घरी येऊन एलिओदोरोंनी फाटक उघडलं आणि ते जागच्या जागी थिजले. अंगण रिकामं होतं. एकही देठ उभा नव्हता. सहाच्या सहा झाडं जमिनीसरशी भुईसपाट झालेली, आणि भिंतीच्या कडेला सगळे देठ मुळाकडच्या पांढऱ्या टोकांसकट, डोकी एका बाजूला करून, नीट रचून ठेवलेले. रणांगणावर मेलेले शिपाई ओळीने मांडावेत तसे. चौतीस वर्षं मृत्यूच्या नोंदी केलेल्या त्या माणसाला पायरीवर बसून राहावं लागलं.

आत जाऊन ताईंना हे सांगायचं कसं? खाटेखाली ताईंच्या सपाता होत्या. त्यांना ओली माती लागलेली पाहून एलिओदोरोंनी मनात घरच्या मांजराला शिवी दिली आणि सपाता पुसून ठेवल्या. मग सगळं सांगितलं.

"गेलं सगळं, ताई."

ताईंनी डोळे मिटले. "देव बघून घेईल," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, जरा धाप लागल्यासारखा. एलिओदोरोंना वाटलं, धक्का.

त्यांनी कोट घातला आणि पोलीस ठाणं गाठलं. तिथला हवालदार तरुण होता, सभ्य होता, आणि त्याच्यासमोर छापील अर्ज होता.

"काय चोरीला गेलं?"

"फुलझाडांचे देठ. शंभराच्या वर."

"चोराने नेले?"

"नाही. रचून ठेवून गेला."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "म्हणजे माल तुमच्याकडेच आहे? मग चोरी कशी लावू?"

"नासधूस लावा!"

"बरं, लावतो. संशय कुणावर?"

एलिओदोरोंनी गळा साफ केला. "कानेला."

"आडनाव?"

"घोडी आहे."

"आरोपीचा ओळखपत्र क्रमांक टाकल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, साहेब." हवालदार कळवळून म्हणाला. चौतीस वर्षं हेच वाक्य एलिओदोरोंनी काचेच्या त्या बाजूने लोकांना ऐकवलं होतं. ह्या बाजूने ते कसं लागतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. "आणि एक विचारू? घोडी उपटून, जुळवून, रचून ठेवते?"

दुपारपर्यंत बातमी गावभर. प्रुदेन्सियो गिटार घेऊन फाटकाबाहेर उभा राहिला. अपमान त्याला झाला होता, पण गाणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं:

"निष्पाप माझी कानेला घोडी,
तिच्या पायी घालता बेडी?
दात आहेत तिला, हात कुठले?
सांगा, फूल कुणी उपटले?"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. एदुविहेसबाईंनी डोळ्याला पदर लावावा तसा ॲप्रन लावला आणि म्हणाल्या, "खरंच, हात कुठून येणार?" एलिओदोरोंनी खिडकी लावून घेतली. घरात कुणी हसल्यासारखं त्यांना वाटलं, पण घरात तर ताईंशिवाय कुणीच नव्हतं, आणि ताई झोपल्या होत्या.

एकीकडे झाडं गेली, पण कमानीचं काम चुकत नव्हतं. कमान फुटपाथवर येणार, म्हणून नगरपालिकेची परवानगी लागणार. दुसरा कुणी असता तर बांबू रोवून मोकळा झाला असता. एलिओदोरो रांगेत उभे राहिले. खिडकीशी एक तिशीतल्या बाई होत्या. त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं, मान वर केली.

"बाराओना? नोंदणी कचेरीतले? माझा जन्म एकोणीस तारखेचा. तुम्ही वीस लिहिलीत. आई शेवटपर्यंत एकोणीसला केक करायची आणि सरकार वीसला. मी दोन्ही दिवस अर्धीच म्हातारी होते."

"मी... पाहून घेतो."

"राहू द्या. सवय झाली आता." त्यांनी गोड हसून शिक्का मारला. एलिओदोरोंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येऊन उघडला. कुआसिमोदोचा रविवार अठ्ठावीस तारखेला होता. परवानगी होती सोमवारची, एकोणतीस तारखेची. एक दिवस उशिराची.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. एलिओदोरोंनी मनातल्या मनात कबूल केलं, की हिशेब चोख झाला. रविवारी फुटपाथवर कमान म्हणजे बेकायदा. आपल्या हातून ते होणे नाही. म्हणून त्यांनी कमान फाटकाच्या आत, स्वतःच्या जमिनीवर, उजव्या भिंतीला लागून उभी करायचं ठरवलं. त्या भिंतीची उंची घोडीच्या छातीइतकी होती, हे मोजायचं राहून गेलं.

पण कमानीला फुलं कुठली? आणि इथे एलिओदोरोंना वर्षातला सर्वांत मोठा धक्का बसला. निदान त्यांना तेव्हा तसं वाटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते उदास चेहऱ्याने झारी घेऊन अंगणात आले, तर भुईसपाट मातीतून कोंब! एकेका झाडाला वीस-वीस. आठवड्याने ढोपरापर्यंत आले. पुढच्या आठवड्यात कळ्या धरल्या. मरून पडलेलं झाड पहिल्यापेक्षा दुप्पट उठलं. एलिओदोरो सगळ्या झाडांभोवती तीनदा फिरले, मग आत पळाले.

"ताई! मेलेलं उठलं!"

"उपटलं होतं ना," ताई म्हणाल्या.

"घोडीनं!"

"असं का," ताई म्हणाल्या.

गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी ताईंच्या कपाळाचा मुका घेतला. शनिवारी रात्र पडायच्या आत दोनशेवर फुलं बांबूच्या कमानीला बांधून झाली होती, आणि एदुविहेसबाई भिंतीवरून सांगत होत्या, की नणंदेची कमानसुद्धा अशी झाली नव्हती. बारा वर्षांत नणंद हरल्याची ही पहिलीच नोंद.

रविवारी सकाळी घंटा ऐकू आली. गल्लीच्या तोंडाशी धूळ उठली, पांढरी वस्त्रं दिसली, टापांचा आवाज भरत गेला आणि आरोळी आली, "ख्रिस्तराजाचा विजय असो!" एलिओदोरो नवा कोट घालून, मेणबत्ती घेऊन कमानीशेजारी गुडघे टेकून बसले. ताईंची खाट खिडकीशी ओढली होती. पांढऱ्या उशीवर त्यांचा चेहरा मेणबत्तीसारखा शांत. गाडी थांबली. स्वार दोन्ही बाजूंनी रांगेत उभे राहिले. सर्वांच्या पुढे, त्याच उजव्या भिंतीला पलीकडून खेटून, कानेलेवर प्रुदेन्सियो. डोळे मिटलेले, ओठांवर कवन. फादर आन्सेल्मो दोन्ही हातांत पवित्र प्रसाद धरून उतरले. सत्तर माणसं आणि सत्तर घोडे एकदम गप्प झाले. अशी शांतता वर्षातून एकदाच पडते. त्या शांततेत आपल्या छातीचे ठोके ऐकू येतात, आणि आपण किती लहान आहोत ते कळून बरं वाटतं.

त्या शांततेत आवाज आला: कचर्र, कचर्र.

एलिओदोरोंनी मान न हलवता फक्त डोळे फिरवले. कानेलेने भिंतीवरून मान आत टाकली होती, आणि पिवळ्या फुलांचा अख्खा एक झुबका तिच्या तोंडात चालला होता.

आता काय करायचं? उठायचं, तर देवाकडे पाठ होते. ओरडायचं, तर देवासमोर आवाज होतो. एलिओदोरोंनी ओठ न हलवता कुजबुज केली, "प्रुदेन्सियो! तुझी घोडी!" प्रुदेन्सियोने डोळे अधिकच घट्ट मिटले; त्याला वाटलं, एलिओदोरो प्रार्थना करताहेत. कचर्र. पिवळी संपली. साध्वी गुलाबीकडे वळली. फादर अजून दहा पावलांवर. वर्षभराची मेहनत, मुंग्या, छत्री, पोलीस ठाणं, सगळं एकेका घासाने जात होतं आणि एलिओदोरोंच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण टपटप त्यांच्या मनगटावर पडत होतं.

धाडकन दार उघडलं.

पांढऱ्या झोपायच्या झग्यात, केस मोकळे, एका पायात सपात आणि दुसरी सपात हातात, अशा रोसाउराताई अंगणात आल्या. आल्या म्हणजे धावल्या. चार ढांगांत भिंत गाठली आणि कानेलेच्या नाकावर सपात ओढली.

"मेली खादाड! पाठ मोडेस्तोवर एकेक देठ उपटून मी ही फुलवली, ती तुझ्या नाश्त्याला?"

कानेला दोन पावलं मागे सरली. प्रुदेन्सियोचे डोळे उघडले. फादर जागच्या जागी उभे राहिले. एलिओदोरोंचं तोंड उघडं पडलं ते उघडंच राहिलं. धावली. उपटली. दोन्ही शब्द त्यांच्या डोक्यात एकदम शिरले आणि दारात अडकून बसले.

"चमत्कार!" एदुविहेसबाई किंचाळल्या आणि भिंतीपलीकडे धपकन गुडघ्यांवर बसल्या. "चमत्कार!" रांगेतून कुणी ओरडलं. सत्तर गळ्यांतून आरोळी उठली, घंटा वाजू लागली, घोडे खिंकाळले.

त्या गदारोळात रोसाउराताईंनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग फादरांच्या हातांकडे पाहिलं. हातातली सपात हळूच खाली ठेवली आणि त्या गुडघे टेकून बसल्या. ज्या पायाला डॉक्टरांनी कधी वाकणार नाही म्हटलं होतं, त्याच पायावर.

"थांबा," त्या म्हणाल्या. घंटा थांबली. "चमत्कार नाही, फादर. हे खोटं मला त्याच्यासमोर बोलता येणार नाही. मांडीचं हाड तीन वर्षांपूर्वीच सांधलं. मी चालते. एलिओ चर्चला गेला की घरभर चालते. ती फुलंही मीच उपटली."

"ताई!" एलिओदोरोंच्या तोंडून एवढंच निघालं.

"डॉक्टर म्हणाले होते, विश्रांती घ्या. किती दिवस, ते म्हणाले नव्हते. मी विचारलं नाही."

फादर आन्सेल्मोंचा चेहरा कठोर व्हायला निघाला होता, पण तो वाटेतच कुठेतरी थांबला. "पण का, रोसाउराबाई?"

"फादर, मी चालत तुमच्याकडे आले, की मागच्या बाकावर, खांबाआड बसते. पन्नास वर्षं बसले. देव मला खांबाच्या कडेने दिसतो. आणि इथे मी पडून राहिले, तर तो सत्तर घोडे घेऊन माझ्या दारात येतो." त्यांनी नाक पुसलं. "खरं सांगा, तुम्ही उठला असता?"

पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या स्वाराने रुमालाने डोळे टिपले. फादरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, ते रडण्याने की कशाने, कळायला मार्ग नव्हता.

"कबुली द्यायला उद्या चर्चला या," ते अखेर म्हणाले. "चालत. आणि पहिल्या बाकावर बसा. पण मी प्रसाद आणलाय तो आजाऱ्यासाठी. ह्या घरात आजारी कुणीच नसेल, तर..."

ह्या क्षणी एलिओदोरोंनी उठायचं ठरवलं. बोलायचं होतं बरंच: बहीण, फसवणूक, माती लागलेल्या सपाता, निष्पाप मांजर, निष्पाप घोडी. त्यांनी एक पाय टेकला, कंबरेला झटका दिला, आणि अंगणात स्पष्ट आवाज आला.

टच्.

"अयाई गं!"

ते वर येईनात की खाली जाईनात. खुर्चीच्या आकारात, मेणबत्ती तशीच उभी धरून, ते अडकून राहिले. प्रुदेन्सियोने आणि त्या दांडग्या स्वाराने त्यांना त्याच आकारात उचललं, घरात नेलं आणि ताईंच्या खाटेवर, अजून उबदार असलेल्या अंथरुणात, कुशीवर ठेवलं. ताईंनी उशी सारखी केली, उरलेल्या फुलांचा झुबका उशाशी ठेवला, मेणबत्ती त्यांच्या हातातून काढून आपल्या हातात घेतली.

"तू माझ्याशी बोलू नकोस," एलिओदोरो पुटपुटले.

"बरं. तोंड उघड."

फादर खाटेशी आले. खिडकीबाहेर सत्तर रुमाल बांधलेली डोकी झुकली. चौतीस वर्षं एलिओदोरोंनी गावातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं. त्यांच्या नावासाठी कुणी कधी घोड्यावरून आलं नव्हतं. आज फादर त्यांचं नाव घेत होते, पूर्ण, आडनावासकट, आणि बाहेर सगळं गाव ते ऐकत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कंबरेमुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मिरवणूक पुढच्या घराकडे निघाली. जाता जाता प्रुदेन्सियोने खिडकीपाशी घोडी थांबवली, तार जुळवली आणि गायला:

"पाच वर्षं जी खाटेला खिळली,
घोडी पाहून वाऱ्यागत पळाली;
औषध कसलं, वैद्य कुठला?
माझ्या कानेलेचा गुण आला!"

एलिओदोरोंनी रागाने मान वळवली. ती वळेना, म्हणून त्यांनी डोळे वळवले.

सोमवारी नगरपालिकेच्या बाई कमान नियमाप्रमाणे आहे का ते पाहायला आल्या. कमानीच्या जागी चार बांबू आणि एक चघळलेली सुतळी होती. त्यांनी वहीत 'कमान आढळली नाही' असं लिहिलं, ताईंकडून पिवळ्या फुलांचा गुच्छ घेतला आणि जाताना खिडकीतून हात केला. ताई तेव्हा बाहेर अंगणात होत्या, सगळ्यांच्या देखत, भर उन्हात. खाटेवर पडल्या पडल्या एलिओदोरोंना ऐकू येत होतं: टच्, टच्, टच्. प्रत्येक आवाजाला ते दचकत होते, पण दर वेळी जरा कमी.

दुपारी डॉक्टर आले. कंबर दाबून पाहिली, औषध लिहिलं, बॅग बंद केली.

"विश्रांती घ्या," ते म्हणाले.

किती दिवस, ते एलिओदोरोंनी विचारलं नाही.